दम कोंडायचा नाही

माझे पोहणे विहिरीतले आहे. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या आमच्या गावी, शेतातल्या आठ परस खोल विहिरीत धाकट्या काकांनी मला वयाच्या नवव्या वर्षी कमरेला वाळलेला भोपळा बांधून सोडले आणि पुढच्या उन्हाळ्यात मी मोटेच्या जुन्या थारोळ्यावरून सूर मारू लागले. परस हे विहिरीची खोली सांगण्याचे जुने माप, साधारण माणसाच्या उंचीएवढे. आमच्याकडे चांगला पोहणारा कोण हे दोन गोष्टींवरून ठरत असे. एक म्हणजे त्याला दम किती वेळ कोंडून धरता येतो आणि दुसरे म्हणजे तळाचा मूठभर गाळ तो वर आणतो की नाही. गाळ दाखवल्याखेरीज तळ गाठल्याचे कोणी मानत नसे. अकराव्या वर्षी मी तो आणला होता आणि काकांनी माझी मूठ उघडून सगळ्यांना दाखवली होती.

त्रेचाळिसाव्या वर्षी अंदमानातील हॅवलॉक बेटावर स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्याखाली जाणे, शिकायला गेले तेव्हा याच दोन सवयी सर्वांत आधी सोडाव्या लागल्या. तिथे घालवलेल्या चौदा दिवसांत बेटाभोवतीच्या ज्या जागा पाहिल्या, त्यांविषयी आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याच्या पायऱ्यांविषयी लिहावे असे मनात आहे, कारण आमच्या भागातून तिकडे सहलीला जाणारे पुष्कळ असले तरी अर्ध्या तासाच्या बुडीपलीकडे जाणारे थोडेच भेटतात.

तयारी लातूरातच सुरू झाली. माझा भाचा पुण्यात अभियांत्रिकी शिकतो. आपण दोघांनी जायचे ही कल्पना त्याची. मी बँकेत नोकरी करते आणि मार्चअखेरची कामे सुरू झाली की रजा मिळत नाही, म्हणून फेब्रुवारी ठरला. सुदैवाने तोच तिथल्या पाण्याचा उत्तम काळ आहे. ईशान्य मोसमी वारे तोवर मंदावलेले असतात, समुद्र शांत असतो आणि पाणी निवळलेले असते. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू झाला की लाटा वाढतात आणि बोटींच्या फेऱ्याही रद्द होतात. शिकवणाऱ्या केंद्रांना फोन करताना एका ठिकाणी मला सांगण्यात आले की वैद्यकीय अर्जाचे विशेष मनावर घेऊ नका, सगळीकडे ‘नाही’ लिहून टाका. त्या केंद्राचा विचार मी तिथेच सोडला. दुसऱ्या केंद्राने मात्र दमा, रक्तदाब, फिट, कानाची शस्त्रक्रिया, चालू असलेली औषधे अशी सविस्तर प्रश्नावली आधी पाठवली आणि एका जरी प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही हवी असे बजावले. मला लहानपणी कान फुटण्याचा त्रास होता. लातूरच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पडदा तपासला, नाक दाबून कानात हवा भरायला लावली, पडदा हलतो याची खात्री केली आणि मगच सही दिली. केंद्र निवडताना माणसाने छायाचित्रे आणि सवलती नंतर पाहाव्यात. ते आपल्या प्रकृतीविषयी किती प्रश्न विचारते हे आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निघताना आईने विचारले, “काळ्या पाण्याला कामून चाललीस गं? पोहायला इथं हीर हाय की आपली.” तिच्या पिढीला अंदमान ठाऊक आहे तो त्याच नावाने. मी तिला सांगितले की ते पाणी काळे नाही, तळाची वाळू दिसावी इतके स्वच्छ आहे. तिला ते पटले नाही.

लातूरहून रात्रीच्या बसने हैदराबाद आणि तिथून विमानाने पोर्ट ब्लेअर, ज्याचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे. हॅवलॉक तिथून सुमारे ४० किलोमीटर ईशान्येला आहे. त्याचेही नाव डिसेंबर २०१८ मध्ये स्वराज द्वीप असे झाले. मात्र होडीवाल्यांच्या आणि पाणबुड्यांच्या तोंडी अजून हॅवलॉकच आहे, म्हणून मीही तेच लिहिते. बेटावरच्या वस्त्या पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी वसवलेल्या आहेत, त्यामुळे गावांची नावे गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी आपल्या कानाला ओळखीची लागतात. घड्याळ भारताचे असले तरी बेट इतके पूर्वेला आहे की फेब्रुवारीतही साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो. म्हणून बुडीच्या होड्या सकाळी लवकर सुटतात.

पहिला दिवस वर्गात गेला. अभ्यासक्रमाचे नाव ‘ओपन वॉटर’. तो पूर्ण केलेल्या माणसाला १८ मीटरपर्यंत जाण्याची परवानगी असते आणि पुढचा ‘ॲडव्हान्स्ड’ केला की ३० मीटरपर्यंत. प्रशिक्षकाने फळ्यावर पहिले वाक्य लिहिले ते हे : श्वास कधीही रोखून धरायचा नाही. त्यामागचे कारण आपण शाळेत शिकलेलो आहोत. समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा दाब एक वातावरण असतो आणि पाण्यात दर १० मीटरला तो एका वातावरणाने वाढतो. १० मीटरवर दोन, २० वर तीन, ३० वर चार. बॉईलच्या नियमाप्रमाणे दाब वाढला की वायूचे आकारमान त्या प्रमाणात घटते आणि दाब कमी झाला की ते वाढते. विहिरीत आपण वरची हवा छातीत भरून खाली जातो, ती खाली आक्रसते, वर येताना पुन्हा पूर्ववत होते, आणि म्हणून दम कोंडण्याने काही बिघडत नाही. नळकांड्यातून श्वास घेणारा पाणबुड्या मात्र खालच्या दाबाची हवा छातीत घेत असतो. १० मीटरवर भरलेली छाती तशीच कोंडून तो वर आला, तर तीच हवा पृष्ठभागाशी दुप्पट जागा मागते आणि फुफ्फुस फाटू शकते. सर्वांत मोठा बदल शेवटच्या १० मीटरमध्ये होतो, म्हणजे उथळ पाणी निर्धास्त असते ही आपली समजूत इथे उलटी ठरते. मी वहीत हे सगळे व्यवस्थित उतरवून घेतले आणि आपल्याला ते समजले असे मानले.

शरीराला ते समजले नव्हते. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यालगत छातीभर पाण्यात सराव सुरू झाला. तोंडातले रेग्युलेटर, म्हणजे नळकांड्यातली हवा तोंडात देणारे साधन, काढून पुन्हा शोधणे, मुखवट्यात पाणी येऊ देऊन नाकाने फुंकर मारत ते बाहेर काढणे, सोबत्याच्या दुसऱ्या रेग्युलेटरवर श्वास घेणे, असे एकेक कौशल्य गुडघ्यांवर बसून करायचे असते. रेग्युलेटर तोंडाबाहेर असेल तेव्हाही ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे असतात. माझे बुडबुडे दर वेळी थांबत. मुखवट्यात पाणी शिरले, नाकाला गार लागले की तीस वर्षांपूर्वीची विहीर अंगात जागी होई आणि छाती आपोआप बंद होई. प्रशिक्षक माझ्यासमोर बसून स्वतःच्या ओठांकडे बोट दाखवत आणि मी पुन्हा फुंकर सोडत असे. भाच्याला पोहणे बेताचेच येते, पण जुनी सवय नसल्यामुळे तो पहिल्या दोन तासांत या गोष्टी शिकला. मला पूर्ण दिवस लागला, आणि मुखवटा पूर्ण काढून परत चढवण्याचे कौशल्य तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा करून दाखवावे लागले. पोहण्याच्या परीक्षेत, २०० मीटर न थांबता पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे यांत, अर्थातच मला काही अडचण आली नाही.

एका बाबतीत आमच्या भागाचे संस्कार कामी आले. आमच्या नळकांड्याची धारणा सुमारे ११ लिटर होती आणि ते २०० बार दाबाने (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण) भरलेले असे, म्हणजे वरच्या हिशेबाने साधारण २,२०० लिटर हवा. त्यातली ५० बार राखीव ठेवूनच वर यायचे, हा नियम. उरलेली हवा किती वेळ पुरेल हे खोलीवर आणि श्वासावर ठरते : २० मीटरवरचा प्रत्येक श्वास पृष्ठभागावरच्या तीन श्वासांएवढी हवा खर्च करतो, आणि माणूस घाबरला, हातपाय झाडू लागला की खर्च आणखी वाढतो. लातूरमध्ये एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्या वर्षी आमच्या घरी आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या पाण्याचा हिशेब मी ठेवत असे. किती हंडे पिण्याचे, किती भांड्यांचे, भांड्यांचे पाणी मग कशाला वापरायचे, आणि पुढची पाळी चुकली तर हात लावायचा नाही असा एक पिंप कोपऱ्यात झाकून ठेवायचा. राखीव ५० बार मला त्या पिंपासारखेच वाटले. दर काही मिनिटांनी दाबमापकाकडे पाहण्याची आठवण मला कधी करून द्यावी लागली नाही. भाच्याला ती प्रत्येक बुडीत करून द्यावी लागे, आणि सोबती म्हणून ते माझे काम होते.

पहिली खरी बुडी नेमो रीफ या जागी झाली. ही जागा किनाऱ्यावरून चालत गाठता येते. वाळूचा उतार हळूहळू खाली जातो, मधूनमधून प्रवाळाचे पुंजके आहेत आणि समुद्रपुष्पांच्या झुबक्यांत नारिंगी-पांढरे विदूषक मासे राहतात. त्यावरूनच जागेचे नाव पडले आहे. बहुतेक नवशिक्यांना इथेच आणतात, आणि अनुभवी लोक तिच्याकडे थोडे दुर्लक्षाने पाहतात असे मला आढळले. ते योग्य नाही. जिथे तळ पायांजवळ असतो आणि वर यायला श्वासभराचेही अंतर नसते तिथेच माणूस चुका करू शकतो. माझी चूक कानाची झाली. चार मीटरवर उजवा कान दुखू लागला. नाक दाबून हवा भरण्याला मी उशीर केला होता. दुखेपर्यंत थांबायचे नसते, उतरताना दर मीटरला आधीच कान मोकळा करायचा असतो. मी सपाट हात हलवून ‘अडचण’ अशी खूण केली, कानाकडे बोट दाखवले, आम्ही दीड मीटर वर आलो, पुन्हा प्रयत्न केला, कान उघडला नाही आणि त्या दिवशीची बुडी तिथेच संपली. प्रशिक्षकाने कोणताही आग्रह धरला नाही. सर्दीची औषधे घेऊन कान मोकळा करण्याची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका, खाली असतानाच औषधाचा परिणाम उतरला तर वर येताना हवा अडकते, एवढे त्यांनी सांगितले. मी दीड दिवस विश्रांती घेतली.

त्यानंतर लाइटहाउस आणि ॲक्वेरियम या जागांवर राहिलेल्या बुड्या झाल्या. दोन्ही १८ मीटरच्या आत बसतात. ॲक्वेरियमवर मी पुढे आणखी दोनदा गेले, आणि मला विचाराल तर हॅवलॉकभोवतीची नवशिक्यासाठी सर्वोत्तम जागा हीच. बेटाला लागून असलेल्या या प्रवाळरांगेत मासे इतके आहेत की कुठेही न जाता एका ठिकाणी स्थिर राहिले तरी वेळ पुरत नाही. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा कठीण भाग कुरतडतो त्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो. तो खातो शैवाल, आणि सोबत पोटात गेलेला चुनखडीचा चुरा वाळू होऊन बाहेर पडतो. पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो, त्यामुळे आवाज येतो पण कुठून येतो ते कळत नाही. एका खडकापाशी लहान निळ्या पट्ट्यांचे सफाई करणारे मासे होते, आणि त्यांच्यासमोर मोठे मासे तोंड उघडून, कल्ले पसरून आपली पाळी येईपर्यंत थांबलेले होते. त्यांच्या तोंडात शिरून ते मासे परजीवी टिपून खात होते आणि सुखरूप बाहेर येत होते. मी तिथे नऊ मिनिटे थांबले असल्याचे खोली आणि वेळ दाखवणाऱ्या मनगटावरच्या डाइव्ह-संगणकाने नोंदले आहे.

असे स्थिर थांबता येणे हेच या विद्येचे मर्म आहे, आणि ते दमाशीच निगडित आहे. विहिरीत तरंगायचे तर हातपाय मारावे लागतात. इथे वजनांचा पट्टा आणि हवा भरता येणारे जाकीट यांच्या साहाय्याने शरीर पाण्याच्या तोलाचे करायचे आणि मग केवळ श्वासाने वरखाली व्हायचे : सावकाश श्वास घेतला की शरीर वीतभर वर उचलले जाते, सोडला की तेवढेच खाली बसते. मी सहाव्या बुडीपर्यंत पाय मारत होते. एकदा माझ्या पायांनी उडालेली वाळू प्रवाळाच्या फांद्यांवर बसताना प्रशिक्षकाने मला मागे वळून पाहायला लावले. प्रवाळ हा असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असतो. फांद्यांचे प्रकार वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात आणि गोलाकार घट्ट प्रकार तर एखादा सेंटिमीटरही जेमतेम. माझ्या एका लाथेने माझ्या वयाची वाढ मोडू शकते हे मला त्या क्षणी दिसले आणि त्यानंतर मी पाय मागे दुमडून बेडकासारखे संथ हलवायला शिकले. उथळ भागात करड्या, शैवाल चढलेल्या मेलेल्या फांद्यांचे ढीगही मी पाहिले. समुद्र नेहमीपेक्षा एखाददोन अंशांनी जास्त दिवस तापलेला राहिला की प्रवाळ आपल्या पेशींत राहणाऱ्या, त्याला अन्न पुरवणाऱ्या सूक्ष्म शैवालांना बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. उष्णता लवकर ओसरली तर तो सावरतो, नाहीतर उपासमारीने मरतो. अंदमानात २०१० च्या उन्हाळ्यात हे मोठ्या प्रमाणावर घडले. त्या मेलेल्या फांद्यांमधूनच बोटभर उंचीचे नवे प्रवाळ उगवलेले होते आणि प्रशिक्षक प्रत्येक बुडीत त्यांपैकी काहींपाशी थांबून पाहत असत.

ओपन वॉटर पूर्ण झाल्यावर मला जॉनीज गॉर्ज आणि डिक्सन्स पिनॅकल या दोन जागांची ओढ लागली, कारण केंद्रावर येणारा प्रत्येक जुना पाणबुड्या त्यांचेच नाव घेत होता. या जागांना ज्यांची नावे आहेत ते करेन समाजातले होते असे आमच्या नावाड्याने सांगितले. करेन लोक ब्रह्मदेशातून १९२५ च्या सुमारास मध्य अंदमानात येऊन वसले आणि तिथल्या समुद्राची त्यांच्याइतकी जाण असणारे फार थोडे आहेत. नावाडी स्वतःही करेन होता. ॲडव्हान्स्ड अभ्यासक्रमातली खोल बुडी जॉनीज गॉर्जवर घ्यायची असे ठरवून आम्ही निघालो तो दिवस अमावास्येनंतरचा दुसरा. तिथे पोहोचल्यावर नावाड्याने नांगराच्या दोराकडे पाहिले, दोर ताणून तिरपा गेला होता आणि त्याच्याभोवती पाणी ओढ्यासारखे फाटत होते. प्रशिक्षक उतरले, दोराला धरून पाच मिनिटांत वर आले आणि त्यांनी मान हलवली. होडीत आठ माणसे होती, सगळ्यांनी पैसे भरलेले होते, दोघांचा दुसऱ्या दिवशी परतीचा प्रवास होता. तरीही होडी वळली. मला त्या निर्णयाबद्दल त्या माणसांविषयी अतिशय आदर वाटतो.

परतताना नावाड्याने मला भरती-ओहोटीचा हिशेब समजावला. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्यांची ओढ एका रेषेत येते, भरती मोठी आणि ओहोटी मोठी, म्हणजे तेवढेच जास्त पाणी तेवढ्याच वेळात इकडून तिकडे जाणार आणि प्रवाह वाढणार. बँकेतल्या माझ्या रत्नागिरीच्या सहकारी त्याला उधाणाची भरती म्हणतात आणि अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला भांगाची भरती. लातूरमध्ये समुद्राचा संबंध नसल्याने मला हे शब्द माहीत असूनही त्यांचा अर्थ कधी अंगाला लागला नव्हता. संध्याकाळी खोलीवर मी मोबाइलमध्ये पंचांग उघडले, शुक्ल अष्टमी कधी आहे ते पाहिले, आणि खोल जागांच्या बुड्या त्या सुमाराला ठेवण्याची विनंती केंद्राला केली. त्यांनी आधीच तसेच आखले होते.

मधले दिवस वाया गेले नाहीत. होकायंत्रावर दिशा धरून जाणे, तोल साधणे, लाइटहाउसवर रात्रीची बुडी, असे अभ्यासक्रमातले बाकीचे भाग झाले. रात्रीच्या बुडीत विजेरी पोटाशी दाबून अंधार केला आणि हात हलवला, तर बोटांभोवती हिरवट ठिणग्या उमटत होत्या. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळल्यावर प्रकाश देतात. ‘द वॉल’ या जागेचे मात्र वेगळे सांगायला हवे. जेटीपासून ही जागा फार दूर नाही. पाण्याखाली सुमारे दहा मीटरवर खडकाचा माथा आहे आणि तिथून एक भिंत सरळ पन्नास मीटरच्याही खाली उतरते. मऊ प्रवाळांचे जांभळे-पिवळे गुच्छ, कपारीत तोंड उघडझाप करणारे वाम, रंगीत समुद्री गोगलगायी, यांनी ती भरलेली आहे. परंतु मी खाली पाहिले आणि माझा दम पुन्हा कोंडला. विहिरीचा तळ दिसत नसला तरी तो असतो, आठ परसांवर असतो, गाळासकट असतो. इथे निळे पाणी गडद होत होत नाहीसे झाले होते. प्रशिक्षकाने माझ्यासमोर येऊन हात छातीपासून पुढे सावकाश नेला, म्हणजे श्वास सोड. मी सोडला, बुडबुड्यांचा आवाज ऐकला, मग भिंतीकडे तोंड करून १८ मीटरचा आकडा संगणकावर धरून ठेवला आणि पुढची तीस मिनिटे तळाकडे न पाहता कपारीत पाहत गेले. जिथे तळ नाही तिथे खोली ही आपणच पाळायची गोष्ट असते.

अष्टमीच्या आदल्या दिवशी डिक्सन्स पिनॅकल झाले. खोल तळावरून उठलेले तीन सुळके आहेत, आणि त्यांचे माथेदेखील नवशिक्याच्या मर्यादेजवळ किंवा तिच्याखाली आहेत. नांगराच्या दोराने उतरताना आधी काहीच दिसत नाही, मग पिवळ्या-निळ्या माशांचा थवा उघडतो आणि त्यामागे सुळका उभा राहतो. माझ्या मनगटाला आईने बांधलेला देवीचा लाल दोरा होता. २५ मीटरवर तो काळपट तपकिरी दिसत होता, कारण पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी, पहिल्या काही मीटरांतच, शोषून घेते. विजेरीचा झोत टाकला आणि दोरा लालभडक झाला. तोच झोत सुळक्यावर टाकला तेव्हा करडा वाटणारा सगळा खडक शेंदरी आणि किरमिजी निघाला, आणि त्यातला एक दगड म्हणजे विषारी काट्यांचा विंचूमासा होता. मी त्यापासून हातभर अंतरावर होते. कशालाही हात लावायचा नाही हा नियम प्रवाळासाठी जितका आहे तितकाच आपल्यासाठी आहे.

जॉनीज गॉर्जवर दुसऱ्या दिवशी दोर सरळ खाली गेला होता. तळाची वाळू २८ मीटरवर होती आणि तिच्यावर खडकांचे उंचवटे पसरलेले होते. पिवळ्या स्नॅपर माशांची एवढी दाटी होती की भाचा त्यांच्या मागे गेला आणि मला दिसेनासा झाला. ते सरकले तेव्हा तो चार हातांवरच होता. वर बॅराकुडांचा थवा संथ वर्तुळात फिरत होता. एका उंचवट्याच्या आडोशाला वाळूवर पांढऱ्या पंखटोकांचा शार्क पडून होता. सगळ्या शार्कना श्वासासाठी सतत पोहावे लागते असे मी समजत होते. ही जात स्थिर पडूनही कल्ल्यांतून पाणी खेळवू शकते. त्याचे कल्ले उघडत-मिटत होते आणि मी माझे श्वास मोजत होते. एवढ्या खोलीवर नायट्रोजन मेंदूवर थोडी गुंगी आणतो, म्हणून प्रशिक्षकाने बोटांनी बेरजा विचारल्या. माझे उत्तर बरोबर आले, पण उशिरा आले हे मला जाणवले. तिथे थांबण्याला वीस मिनिटेही मिळत नाहीत, कारण त्या दाबाने रक्तात आणि ऊतींत विरघळणारा नायट्रोजन मर्यादेबाहेर गेला तर वर येताना त्याचे बुडबुडे होतात. चौदाव्या मिनिटाला आम्ही दोर धरला. मिनिटाला नऊ मीटरांहून कमी वेगाने वर, मग ५ मीटरवर तीन मिनिटे थांबा. त्या तीन मिनिटांत मी दाबमापक पाहिला. त्यावर ८० बार होते. भाच्याचे ६० होते, आणि या वेळी त्याने ते मी विचारण्याआधी दाखवले.

शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तास विमानात बसायचे नसते, त्यामुळे एक पूर्ण दिवस बेटावर काढून आम्ही परतलो. विमानतळावर सामानातले शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे अडवले जातात; माझ्या पिशवीत काही नव्हते.

गावी गेले तेव्हा काका बाजेवर बसले होते. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी त्यांना बुड्यांची नोंदवही दाखवली आणि जॉनीज गॉर्जचे पान वाचून दाखवले. त्यांनी मीटरांचे फूट करायला लावले, फुटांचे परस स्वतः केले.

“पंधरा परस,” ते म्हणाले. “म्हंजी आपल्या दोन हिरी, एकीखाली एक. तळाला टेकलीस का?”

“टेकायचं नसतं, काका. वाळूच्या वर हातभर थांबायचं.”

“मग गाळ?”

“काही आणायचं नसतं तिथून.”

ते थोडा वेळ वही उलटीसुलटी करत बसले. मग त्यांनी विचारले की खाली एवढा वेळ दम कसा धरलास, आणि मी त्यांना सांगितले की दम धरायचाच नसतो, वर येईपर्यंत चालू ठेवायचा असतो. त्यांना ते खरे वाटेना. मी त्यांच्या शेजारी बसले, त्यांचा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि पाण्याखाली घेते तसा श्वास घेऊन, ओठांतून सावकाश सोडून दाखवला. तिसऱ्या वेळी तेही माझ्याबरोबर घेऊ लागले.